मताला सोबत

बेळगावच्या वडगावात खोली बघायला आम्ही दोघं गेलो, तेव्हा आमच्या लग्नाला जेमतेम वर्ष झालं होतं. नवऱ्याला उद्यमबागेत एका फाउंड्रीत काम लागलं होतं आणि मला शहापुरात औषधाच्या दुकानात. घरमालकीण हातमागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसली होती. धोटा हातात तसाच धरून तिनं आम्हाला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. जात कुठली, पगार किती, मटण शिजवणार का, या सगळ्या प्रश्नांची उत्तरं आम्ही आधीच्या घरांत देऊन आलो होतो, त्यामुळं तयारी होती. तिनं त्यातलं काहीच विचारलं नाही.

"पावणं, मत कुठं हाय तुमचं?"

नवरा गोंधळला. "कशाबद्दल मत?"

"कशाबद्दल काय? मत. वोट. नाव कुठल्या गावात हाय?"

"खानापूरकडं. आमच्या गावी."

"मग खोलीबी तितंच बगा की," ती म्हणाली आणि धोटा फेकून विणायला लागली.

आम्ही उभेच. दोन-चार हात मारून झाल्यावर तिनं माग थांबवला. "राग धरू नका. पर मला सांगा, गटार तुंबली की पाणी हितं तुमच्या दारात येणार. दिवा गेला तर अंधार हितं पडणार. आनि मत तुमी तिकडं भाताच्या शेतात टाकून येणार. हितल्या नगरसेवकानं तुमाला कशापायी वळखायचं?"

नाव इकडं करून घेतो असं आम्ही कबूल केलं, तेव्हा किल्ली मिळाली. आणि कबुलीवर तिनं विश्वास ठेवला असं समजू नका. नाव बदलून येईपर्यंत ती दर आठवड्याला माझ्या दारात उभी राहून "झालं का गं?" विचारायची.

सगळी गल्ली तिला आक्का म्हणायची. उंच, वाळकी, कपाळावरचं मोठं कुंकू पुसलेलं, तिथं बारीक गोंदण तेवढं उरलेलं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मागच्या अंगणात मुलानं यंत्रमाग घातले होते, पण पुढच्या खोलीतला तिचा हातमाग तिनं मोडू दिला नव्हता. मागाच्या आवाजावर आवाज चढवत आयुष्य गेलेलं, त्यामुळं तिनं कानात सांगितलेली गोष्टसुद्धा समोरच्या घरी ऐकू जायची. गल्लीतली भांडणं, सोयरिकी, कुणाच्या सुनेचं डोहाळजेवण, सगळं तिच्या तोंडून जाहीर व्हायचं. आपण मत कुणाला दिलं, हे मात्र तिनं कधीच कुणाला सांगितलं नाही.

हे तिच्या घरात सोपं नव्हतं. तिचा नवरा सीमाप्रश्नाचा कट्टर माणूस. आंदोलनात पोलिसांचा मार खाल्लेला, तुरुंगात राहून आलेला. त्या काळी सगळी गल्ली एकाच निशाणीवर शिक्का मारायची आणि त्यात कुणाला शंका नसायची. फक्त आपल्या बायकोचं काय, ही शंका त्या माणसाला जन्मभर होती.

"जेवताना इचारायचे," आक्का सांगायची. "आपल्यालाच न्हवं? मी ताटात आमटी वाढायची. पुन्यांदा इचारलं की भात वाढायची. लई जेवलेत बिचारे त्या पायी."

"आणि शेवटपर्यंत सांगितलं नाहीत?"

"दवाखान्यात नळ्या लावलेल्या, तरी इचारलंनी. म्हटलं, आदी बरं व्हा, मग सांगते." एवढं बोलून तिनं मागावरचा एक सुटलेला धागा जोडला. मग म्हणाली, "सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं त्यांला, म्हाईत हाय मला. पर माझं म्हणून काय होतं गं त्या घरात? माग त्यांचा, घर सासऱ्याचं, पोरांची नावंबी सासूनं ठेवली. तेवढं एक माझं होतं."

मी राहायला आले तोवर गल्लीचं एकमत कधीच फुटलं होतं. एकाच घरात बाप जुन्या निशाणीचा, थोरला मुलगा एका राष्ट्रीय पक्षाचा, धाकटा दुसऱ्याचा, आणि जावई मोबाईलवर जे येईल त्याचा. समोरच्या ओळीतली विणकरांची घरं कानडी बोलणारी. त्यांची ओढ वेगळी. निवडणूक आली की बोर्डांवरून, भाषेवरून, झेंड्यांवरून गल्लीत शब्दाला शब्द लागायचा. पक्षांच्या वादात मात्र आक्का पडायची नाही. ती फक्त मतदानाच्या दिवशी सकाळी अंघोळ करून, स्वतःच्या मागावर विणलेली शहापुरी साडी नेसून बाहेर पडायची आणि प्रत्येक मागाच्या शेडमध्ये शिरून मेन स्विच खाली ओढायची. चालते माग धापकन थांबायचे. मालक ओरडायचे, ताणा तुटला म्हणायचे.

"तुटू दे. जोडता येतो ताणा," ती म्हणायची. "मत टाकून या, मग मीच चालू करून देते."

आणि शेडच्या दारात बसून राहायची. कामगार जाऊन बोटाला शाई लावून येईपर्यंत स्विचला कुणाला हात लावू द्यायची नाही. सरकारी सुट्टी असतानाही माग चालवणाऱ्या मालकांना तिच्यापुढं काही बोलता यायचं नाही.

एका वेळी एका उमेदवाराच्या माणसांनी गल्लीत साड्या वाटल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीतल्या, सुरतेच्या, चकचकीत. साड्या विणणाऱ्यांच्या गल्लीत! बायकांनी हसत-हसत घेतल्या. आक्कानंही घेतली. चार दिवसांनी उमेदवार स्वतः हात जोडत पदयात्रेत आला, तेव्हा ती मागावर बसली होती आणि त्याच साडीचा बोळा करून मागाच्या दांड्याचं तेल पुसत होती. तो दारात थबकला. बरोबरच्या माणसांची तोंडं बघण्यासारखी झाली.

"या की," आक्का म्हणाली. "तुमचीच हाय. पुसायला घेतली, पर तेलबी वढत न्हाय हो ही. पुडच्या येळंला सुती आणा."

पदयात्रा पुढच्या गल्लीत बरीच लवकर पोचली.

पण आक्का म्हटलं की मला आठवतो तो बहिष्काराचा दिवस.

त्या वर्षी पावसाळ्यात नाला फुटून गल्लीत पाणी शिरलं होतं. हातमागांचे खड्डे विहिरीसारखे भरले, यंत्रमागांच्या मोटारी जळल्या, चढवलेले ताणे चिखलात कुजले. आक्काच्या मुलाच्या शेडमधला एकही माग वाचला नाही. पाहणीला माणसं येऊन गेली, फोटो काढून गेली. नाल्याला भिंत बांधतो म्हणाली. पुढं काहीच हललं नाही. मग निवडणूक लागली, आणि देवळासमोर बैठक बसली. आजूबाजूच्या गल्ल्यांतले पंचही आले होते. या खेपेला मतदानावर बहिष्कार, एकानंही मत टाकायचं नाही, असं ठरलं. त्यात पुढाकार आक्काच्या मुलाचा होता. कुठलाही पक्ष असो, कुठलीही भाषा असो, त्या दिवशी सगळे पुरुष पहिल्यांदा एका बाजूला होते. मलाही खरं तर ते बरं वाटलं होतं.

आम्ही बायका कट्ट्याच्या मागं उभ्या होतो. आक्का पुढं आली.

"मी जाणार," ती म्हणाली.

"आई, आता ठरलंय," मुलगा म्हणाला.

"कुणी ठरवलं? मला इचारलं का? ह्या मागं उभ्या हाईत, ह्यांला इचारलं का?"

"आपण मत दिलं नाही तर त्यांना कळंल तरी. जाग येईल त्यांना."

"बहिष्कार म्हंजे काय रं? रुसणंच न्हवं? रुसायला समोर माया करणारं माणूस लागतं. तू न्हानपणी रुसून जेवला न्हाईस की माझ्या पोटात तुटायचं. तू मत टाकलं न्हाईस म्हणून कुणाच्या पोटात तुटणार हाय? उलटं त्यांची एक गल्ली कमी झाली फिरायची."

लोकांत चुळबुळ झाली. तेव्हा दर निवडणुकीला बूथवर एजंट म्हणून बसणारा एक जण हसत उठला. "जावा की आक्का, खुशाल जावा. पण एक ध्यानात ठेवा. आपल्या बूथला याच सगळ्या गल्ल्या आहेत. मोजणी बूथवार होते. पेटीत तुमचं एकटीचं मत निघालं, की ते कुणाला पडलं ते दुपारपर्यंत सगळ्या बेळगावला कळणार."

सगळे हसले. तिचा मुलगाही हसला. आणि आक्का, जिला मी कधी निरुत्तर झालेलं बघितलं नव्हतं, ती पदर सावरून मुकाट घरी गेली.

पुढचे दोन-तीन दिवस तिचा माग बंद होता. ती उंबऱ्यावर बसून असायची. मी चहा नेऊन दिला तर तो निवून जायचा. तिची जिरली असं गल्लीत बोललं जात होतं. मला वाईट वाटत होतं, पण माझ्या नवऱ्यानंही बैठकीत हात वर केला होता, त्यामुळं मी काय बोलणार?

मतदानाच्या आदल्या दुपारी ती माझ्या दारात आली. आत आली, दार लोटलं आणि चक्क हळू आवाजात बोलली.

"पोरी, उद्या येतीस का माझ्याबरोबर?"

मी नवऱ्याचं कारण सांगायला लागले. तिनं हातानं थांबवलं.

"कुणाला दे म्हणत न्हाय मी. तुझं तू बग. कुणालाच द्यायचं नसंल तर तसलंबी बटण असतंय म्हणं. पर एकटं गेलं तर माझं मत उघडं पडणार गं. आजवर झाकून ठिवलं. परगावी एकटी बाई निघाली की आपण सोबत देतो का न्हाय? तशी माझ्या मताला सोबत दे."

 उत्तरासाठी ती थांबली नाही. इथून ती मागच्या दारानं शेजारी गेली. मग त्याच्या पलीकडं. संध्याकाळपर्यंत ती गल्लीतल्या सगळ्या स्वयंपाकघरांतून फिरत होती. पुरुष पुढच्या कट्ट्यावर कापडी बॅनर बांधत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॅनरखाली खुर्च्या टाकून सगळे बसले होते. माझा नवराही. शाळेतल्या बूथवर कर्मचारी रिकामे बसलेत, पोलीस बाकावर पेंगतोय, अशा बातम्या येत होत्या आणि लोक खूश होते. ऊन चांगलं वर आल्यावर आक्का घरातनं बाहेर पडली. शहापुरी साडी, डोक्यावर पदर, हातात ओळखपत्र. मागच्या दारानं, आडवाटेनं जाता आलं असतं. ती बरोबर गल्लीच्या मधून चालत बॅनरकडं गेली.

मुलगा आडवा आला. "आई, माघारी फीर."

"बाजूला हो."

"माझं नाक कापायला निघालीस? सगळे बघायलेत."

"बगू देत. तुझ्या मताला मी कदी हात लावला का? तू टाकू नगंस. तुझा हक्क हाय त्यो. माझ्या वाटंत उभा ऱ्हाऊ नको."

तो हलला नाही. तीही हलली नाही. ऊन डोक्यावर आणि ती दोघं समोरासमोर. तेवढ्यात समोरच्या ओळीतलं एक दार वाजलं. कानडी विणकरांच्या घरातली म्हातारी, जिला आम्ही अव्वा म्हणायचो, चपला शोधत बाहेर आली. "तडीरी, नानू बर्तेनी," थांबा, मीपण येते, असं ओरडत ती तुरुतुरू चालायला लागली. या दोघींची बोर्डाच्या भाषेवरून भांडणं झालेली सगळ्या गल्लीनं ऐकली होती.

मग दुसरं दार उघडलं. मग तिसरं. पदरानं हात पुसत एक आली, कडेवर मूल घेऊन एक आली. मी कधी पायरी उतरले ते मलाच कळलं नाही. नवऱ्याकडं बघायचं नाही असं ठरवलं होतं, पण बघितलं. तो मान खाली घालून खुर्चीच्या हाताला लागलेला रंग खरवडत होता.

आक्काचा मुलगा तसाच उभा होता. आम्ही त्याला धक्का दिला नाही, त्याला काही बोललो नाही. त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेलो. मागून कुणीतरी शिवी दिली. एकीनं वळून "घरी येऊन दे, ताट वाढताना ऐकते," असं उत्तर दिलं आणि आम्ही सगळ्या हसत सुटलो. इतकं मोकळं हसणं मी त्या गल्लीत आधी ऐकलं नव्हतं.

शाळेच्या व्हरांड्यात रांग लागली. पोलीस दचकून उठला, टोपी चाचपायला लागला. आमच्यातल्या कित्येकींना नवऱ्यानं किंवा सासऱ्यानं आदल्या दिवशी निशाणी पढवून पाठवायची सवय होती. त्या दिवशी कुणी काही पढवलं नव्हतं. माझ्या पुढची बाई आत जायच्या आधी मला म्हणाली, "आता कुणाला देऊ गं?" मी म्हटलं, "मला नका विचारू." ती हसून आत गेली.

मतदान संपायच्या सुमारास काही पुरुषही एकेक करून आले. एकमेकांकडं न बघता रांगेत उभे राहिले. माझा नवरा त्यांत होता. आक्काचा मुलगा नव्हता. तो अंधार पडेपर्यंत बॅनरखाली एकटा बसून होता. आक्का ताट घेऊन त्याच्याकडं गेली.

"तू तुझं पाळलंस," ती म्हणाली. "चांगलं केलंस. जेव आता."

त्यानं ताटाला हात लावला नाही.

मोजणी झाली, तेव्हा आमच्या बूथमधून प्रत्येक निशाणीला काही ना काही पडलं होतं. कुणालाच नको म्हणणारीही बरीच होती. एजंटनं डोकं खाजवून सोडून दिलं. आक्काचं मत गर्दीत कुठंतरी सुखरूप होतं.

पण तिला ते स्वस्तात पडलं नाही. मुलानं महिन्याभरात बंद पडलेले माग हलवले आणि दुसऱ्या गल्लीत वेगळी चूल मांडली. जाताना तो आईशी बोलला नाही. मागच्या शेडमध्ये मोटारींचे काळे डाग तेवढे राहिले. काही घरांनी बारशाला, लग्नाला तिला बोलावणं बंद केलं. ती ते मनाला लावून घेत नाही असं दाखवायची. मी एकदा अचानक मागच्या दारी गेले तेव्हा ती रिकाम्या शेडमध्ये झाडू धरून उभी होती. झाडत नव्हती, नुसती उभी होती.

"चुकलं असं वाटतं का, आक्का?"

"चुकलं न्हाय," ती लगेच म्हणाली. मग डोळ्यांना पदर लावला. "दुखतंय. चुकलं न्हाय."

निवडून आलेला माणूस आभार मानायला आला, तेव्हा तिनं त्याला हार घालू दिला नाही. "आदी हितं उतरा," म्हणून तिनं त्याला हातमागाच्या खड्ड्यात उतरायला लावलं. स्वच्छ कपड्यांतला तो धडधाकट माणूस कमरेइतक्या खड्ड्यात उभा राहिला. भिंतीवर पुराची खूण त्याच्या छातीच्याही वर होती. "आता सांगा, भिंत कवा बांधताय? आमी मत टाकलंय. रुसून घरात बसलो न्हाय."

भिंत झाली, पण अर्धीच. पुढच्या पावसाळ्यात पाणी आलं, पण उंबऱ्याच्या आत आलं नाही. उरलेल्या अर्ध्या भिंतीसाठी आक्का दर महिन्याला अव्वाला आणि आणखी दोघी-चौघींना घेऊन महापालिकेत जायची. तिथल्या शिपायाला तिनं मराठीत झापायचं, साहेबाला अव्वानं कानडीत, अशी त्यांनी कामं वाटून घेतली होती. ती भिंत अजून पुरी झालेली नाही. जाणंही थांबलेलं नाही.

मुलगा चार वर्षांनी परत बोलायला लागला. माफी कुणीच मागितली नाही. तो एका सकाळी आला आणि तिच्या मागाची तुटलेली दोरी बदलून गेला. ती म्हणाली, "जेवून जा." तो जेवून गेला.

आम्ही आता अनगोळात राहतो, मतही तिकडंच आहे, पण मतदानाच्या दिवशी सकाळी माझं मत टाकून मी वडगावला जातेच. गेल्या खेपेला निवडणूक कार्यालयाकडून एक मुलगी तिच्याकडं आली होती. फार वय झालेल्यांना घरीच मत देता येतं, पेटी आम्ही घरी आणतो, असं ती प्रेमानं सांगत होती.

"तुम्हाला त्रास नको म्हणून, अज्जी."

"मला कसला तरास? तरास त्यांला व्हायला पायजे," आक्का म्हणाली. "मी चालत येताना त्यांनी मला बगायला पायजे. तुझी पेटी ज्याला पाय न्हाईत त्याला दे, बाई. त्याला गरज हाय."

त्या दिवशी सकाळीच कडक ऊन होतं. ती काठी घेऊन निघाली. मुलानं गाडी दारात लावली होती, तिला ती नको होती. मी हात धरला. चार घरं झाली की ती एखाद्या पायरीवर बसायची, पदरानं वारा घ्यायची, "आई गं" म्हणायची. घरातून कुणीतरी पाणी घेऊन यायचं, तिच्याकडं बघून ओशाळायचं, आणि आत जाऊन चप्पल घालून बाहेर पडायचं. अशा चार-पाच पायऱ्या झाल्या. पुढच्या एका दारात तर ती भिंतीला टेकून डोळे मिटूनच बसली. मी घाबरले.

"आक्का, दमलात का? मुलाला गाडी घेऊन बोलावू?"

तिनं एक डोळा उघडला.

"कुटली दमतीया?" ती पुटपुटली. "ह्या घरातली नवराबायकू अजून उठल्याली न्हाईत."

तिनं काठी दारावर आपटली आणि पुन्हा डोळे मिटून घेतले. आतून "आलो, आलो" असा आवाज आला. केस बांधत बायको आणि शर्टाची बटणं लावत नवरा बाहेर आले, तशी ती माझा हात न धरता उठली आणि पुढच्या पायरीकडं चालायला लागली.